बेंजामिनरावांना कोणी ‘भो’ म्हणेना

मैत्रिणी मला विचारतात, "तुझ्याकडे इतके किस्से येतात तरी कुठून गं?" अगं, बाहेरून यायची गरजच काय, घरातच पैदास आहे! नवरा अमेरिकेचा, बिऱ्हाड ऑस्ट्रेलियात ॲडलेडला आणि त्याची सासुरवाडी धुळ्यात, देवपूरला. म्हणजे बिचारा स्वतःच्या घरीही पाहुणा आणि सासुरवाडीलाही पाहुणा. एक किस्सा सांगून संपत नाही तोवर दुसरा दारात चपला काढत असतो. आता सुरुवात केलीच आहे, तर नावापासून सांगते.

*

नवऱ्याचं नाव बेन. अमेरिकेत अगदी साधं नाव, आपल्याकडच्या गणेश-महेशसारखं. पण आमच्या देवपुरात निम्म्या गल्लीचे व्यवहार गुजराती दुकानदारांशी. तिथे ‘बेन’ म्हणजे बहीण!

लग्न ठरलं तेव्हा शेजारच्या अक्कांनी आईला हळूच बाजूला घेतलं. "पोरगा शे ना नक्की?"

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, यावर तोडगा काढला. आबा निवृत्त हेडमास्तर. त्यांनी बेनचं पूर्ण नाव विचारून घेतलं आणि त्या दिवसापासून तो ‘बेंजामिनराव’ झाला. गेली नऊ वर्षं आमच्या घरात दुसरं नाव नाही.

*

ॲडलेडला गेल्या गेल्या शेजाऱ्यांनी पार्टीला बोलावलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘ब्रिंग अ प्लेट’. मी बेनला विचारलं, "म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "इंग्रजी माझी मातृभाषा आहे. प्लेट म्हणजे प्लेट."

आम्ही दोघं नवीकोरी दोन ताटं घेऊन गेलो, धुऊन-पुसून. तिथे ‘प्लेट आणा’ म्हणजे ‘एखादा पदार्थ करून आणा’! टेबलावर वीस घरचे वीस पदार्थ, आणि कडेला आमची दोन रिकामी ताटं. बेनचा चेहरा बघवेना.

रात्री फोनवर आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "मंग? बराबरच शे! बिगर ताटना कोन पंगतमा जास?" त्यांच्या लहानपणी गावच्या पंगतीला घरूनच ताट-तांब्या न्यायचे. मग फोन बेनकडे गेला. आबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "बेंजामिनराव, आपण योग्य तेच केलेत."

*

इथेच खरी गोम आहे, ती सांगून टाकते.

आबा घरात अहिराणी बोलतात. माझ्याशी, आईशी, दूधवाल्याशी, कुत्र्याशी. माझी आठ वर्षांची मीरा ऑस्ट्रेलियन शाळेत जाते, पण आजोबांचा फोन आला की "आबा, काय करी राह्यनात?" असंच विचारते. शुद्ध पुस्तकी मराठी आबांनी आयुष्यभर फक्त एका माणसासाठी राखून ठेवली होती. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबासाठी! नोकरी संपली, साहेब येणं बंद झालं, आणि ती सगळी मराठी जावयाच्या वाट्याला आली.

सुरुवातीला बेनला वाटलं, किती हा आदर! मग मराठी शिकला, फरक कळू लागला, आणि एक दिवस तो मला म्हणाला, "तुझ्या घरात सगळे एकमेकांवर ओरडतात. माझ्यावर कोणीच ओरडत नाही."

मी म्हटलं, "नशीबवान आहेस."

तो म्हणाला, "नाही. अजून आतला नाही झालो." हसत म्हणाला, पण त्याला लागलं होतं. मलाही लागलं, खोटं कशाला बोलू? आमच्याकडे जावयाला सगळं देतात, पण पाटावरून उठू देत नाहीत.

*

बेनची मराठी हा वेगळाच अध्याय. पुण्याच्या एका बाई त्याला ऑनलाइन शिकवत. बाई कडक. ‘ळ’ येईना म्हणून सहा महिने पिच्छा पुरवला. हा आंघोळ करताना, गाडी चालवताना, "बाळ, काळ, केळी, जळगाव" घोकायचा. शेवटी ळ आला. असा आला की बाईंनी टाळ्या वाजवल्या.

त्या वर्षी आम्ही आधी जळगावला उतरलो, आत्याकडे. स्टेशनबाहेर बेनने रिक्षावाल्याला ऐटीत विचारलं, "जळगावात चांगली केळी कुठे मिळतात?"

रिक्षावाला खूश झाला. म्हणाला, "जयगावमा केया कोठे बी भेटतीन ना भो!"

बेनने माझ्याकडे पाहिलं. "ळ कुठे गेला?"

मी म्हटलं, "इथे नसतो. डोया, केया, जयगाव."

"सहा महिने!" एवढंच म्हणाला बिचारा.

*

ॲडलेडला आमच्या कुंपणापलीकडे केव्हिन राहतो. निवृत्त, पोट सुटलेलं, स्वभाव मोकळा. एकदा आबांशी व्हिडिओ कॉल चालू असताना त्याने कुंपणावरून डोकं काढलं आणि ओरडला, "जी’डे, माइट!"

आबांनी मला विचारलं, "काय म्हने तो?"

मी जरा विचार केला. माइट म्हणजे ‘मेट’, मित्र. आपल्या ‘भो’सारखंच, म्हणजे भाऊ. पण ओळख नसली तरी म्हणायचं, राग आला तरी म्हणायचं, वाक्य संपवायला दुसरं काही सुचलं नाही तरी म्हणायचं. मी म्हटलं, "आबा, ‘भो’ म्हनस तो तुम्हले."

"आरे मंग तो आपलाच शे!" आबा खुर्चीत पुढे सरकले. "काय भो! कसं काय?"

पुढची दहा मिनिटं केव्हिन त्याच्या टोमॅटोंबद्दल इंग्रजीत बोलला आणि आबा आमच्या शेवग्याबद्दल अहिराणीत. दोघंही मान डोलावत होते, दोघंही पोट धरून हसले. कशाला, ते त्यांनाच माहीत. बेन मध्ये फोन धरून उभा होता.

केव्हिन गेला. कॅमेरा बेनकडे वळला. आबांनी लगेच सदऱ्याची वरची गुंडी लावली. "बेंजामिनराव, आपली प्रकृती कशी आहे?"

फोन ठेवल्यावर बेन म्हणाला, "केव्हिनला एक शब्द कळत नाही. त्याला भो. मी दोन वर्षं क्लास केला. मला आपण!"

*

ऑस्ट्रेलियात लोक पावाला एक काळं, खारट, चिकट, लोण्यासारखं काहीतरी लावून खातात. वास असा की पहिल्यांदा बरणी उघडली तेव्हा बेनने खिडक्याही उघडल्या. पण मग सवय लागली, आणि आबांनी नाश्त्याला चाखावं म्हणून त्याने एक बरणी हौसेने पाठवली.

त्याच पार्सलची वाट आई वेगळ्याच कारणाने बघत होती. आबांच्या गुडघ्यांसाठी मी परदेशी मलम पाठवते असं म्हटलं होतं, आणि ते पाठवायचं साफ विसरले होते.

महिन्याने बेनने फोनवर विचारलं, "आबा, आवडलं का?"

"फारच उत्तम," आबा म्हणाले. "डाव्या गुडघ्याला विशेष आराम आहे. केवळ शेजारची मांजर पाय सोडत नाही, एवढीच अडचण."

बेनने मला खुणेनेच गप्प केलं. पुढच्या खेपेला दोन बरण्या नेल्या.

*

उन्हाचंही तसंच. जानेवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, ॲडलेडला बेचाळीसवर पारा गेला. टीव्हीवर सूचना, गल्ली सुनसान, बेन ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेला. त्याने आबांना काळजीने सांगितलं, "आबा, आज इथे बेचाळीस!"

"अरेरे," आबा म्हणाले. "आपण प्रकृतीस जपावे. भरपूर पाणी प्यावे."

मग त्यांना वाटलं फोन बंद झाला. आईला म्हणाले, "बेचायीसमा तं आम्ही लगीन लावतस!"

*

यंदा एप्रिलच्या सुट्टीत आम्ही आखाजीसाठी देवपूरला गेलो. अक्षय्य तृतीयेला आमच्या खान्देशात आखाजी म्हणतात, आणि आखाजीला लेकीने माहेरी यायचंच असतं. झोके, पुरणाचे मांडे, सांजोऱ्या, नुसती चंगळ.

बेन सकाळी फिरायला निघायचा. पहिल्याच दिवशी अक्कांनी ओट्यावरून विचारलं, "कथा चालनात, जावई?" म्हणजे कुठे निघालात. हा आमचा रामराम. उत्तर द्यायचं नसतं, नुसतं "हे काय, आलोच" म्हणायचं. पण बेनचं तोंड असल्या बाबतीत एकदा पोळलेलं. ॲडलेडला कोणी ‘हाऊ आर यू गोइंग’, म्हणजे ‘कसा आहेस’, विचारलं तेव्हा हा "बसने" म्हणाला होता, आणि सगळे हसले होते! म्हणून इथे चूक नको म्हणत तो थांबून प्रत्येकाला सविस्तर उत्तर द्यायचा. पुलापर्यंत जाणार, तिथून वळणार, येताना पेपर घेणार. अकरा घरं, अकरा वेळा.

तिसऱ्या दिवशी दमला. अक्कांनी विचारलं, "कथा चालनात?" हा म्हणाला, "कुठेच नाही," आणि तरातरा निघून गेला.

तासाभरात अक्का आमच्या स्वयंपाकघरात. आवाज दबका. "जावई रुसना शे का वं?"

जावई रुसला म्हणजे गल्लीची अब्रू! दुपारपर्यंत चार घरांतून सांजोऱ्या आल्या, एका घरातून टॉवेल-टोपी आली, आणि आबा दोनदा येऊन विचारून गेले, "बेंजामिनराव, आमच्याकडून काही आगळीक तर झाली नाही ना?"

बेन मला म्हणाला, "मला फक्त काहीतरी काम द्या. या घरात मी सोडून सगळ्यांना काम आहे." मी आबांना सांगितलं. आबा दचकले. "जावयाले काम? लोक काय म्हनतीन?"

*

आणि मग ते बिबड्यांचं झालं.

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. आदल्या दिवशी पीठ शिजवून घोटायचं, पहाटे उठून थापायचे, उन्हात वाळवायचे. आई, अक्का आणि गल्लीतल्या तिघी अंधारात उठून बसल्या होत्या. गच्चीवर चार जुन्या साड्या अंथरून त्यांवर दोनशेच्या वर बिबडे घातले आणि कंबर धरत खाली आल्या.

बेनने पाहिलं, गच्चीवर ठेवलेल्या कूलरमधलं पाणी संपलंय. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी सांगणारच नव्हतं. तो आपण होऊन गच्चीवर गेला, टाकीचा पाइप कूलरमध्ये सोडला, आणि तेवढ्यात त्याच्या ऑफिसचा फोन आला. सावली बघून तो जिन्यात बसला. फोन चालला अर्धा तास.

कूलर भरला. कूलर वाहिला. पाणी उताराने साड्यांखाली गेलं, मग साड्यांवर आलं. आबा वाळवणाच्या मिरच्या बघायला वर गेले, तेव्हा बिबडे तरंगत होते.

त्यानंतर जो आवाज आला, तो मी शाळेत असतानाच ऐकला होता. "आरे गध्या! डोया फुटनात का तुना? बठ्ठा बिबडा भिजाडी टाकात! चार दिनमा एकदाव पानी येस आठे, अन् तू गच्चीवर गंगा सोडी दिन्ही! अक्कल शे का नही?"

पलीकडच्या घरातली शिलाई मशीन थांबली. आई जिन्यातच मटकन बसली. "आहो," ती कशीबशी म्हणाली, "जावई शेतस ते!"

आबांचा चेहरा पांढरा पडला. ते खाली आले. तोंड धुतलं, स्वच्छ सदरा घातला, डोक्यावर टोपी घातली आणि बैठकीत येऊन उभे राहिले. बेन पाइप बंद करून तिथेच येऊन थांबला होता, गुडघ्यापर्यंत ओला, कान लाल. मला रडू यायचं बाकी होतं. नऊ वर्षं दोघांनी एकमेकांना जपलं होतं. आता हा दुखावला, तर पुढच्या आखाजीला मी एकटीच येणार, असं मनाशी धरूनच चालले होते.

आबांनी हात जोडले. "बेंजामिनराव, माझा तोल सुटला. आपण मोठ्या मनाने क्षमा करावी."

मीरा माझा पदर ओढत होती. मग बेन एक पाऊल पुढे आला, आणि पुण्याच्या बाईंनी कधीच न शिकवलेल्या भाषेत, चाचरत म्हणाला, "आबा, आखो एकदाव म्हना ना."

"काय?"

"गध्या."

आबा त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

"चाल मंग, गध्या," ते म्हणाले. "बिबडा येचाले लाग."