नियमात बसवलेली काचेची खोली

नवरा गेल्याला आता वर्ष होत आलं. त्याच्याविषयी लिहायला बसले की त्याचे सद्गुण सुचत नाहीत. बंगळूरमधल्या जे. पी. नगरच्या आमच्या घराला मागच्या बाजूने जोडलेली काचेची खोली तेवढी डोळ्यांसमोर येते.

ती नव्वदीच्या दशकात त्याच्या आईसाठी बांधली. तिला सगळे अक्का म्हणत, लग्न होऊन पुण्याहून आल्यावर मीही म्हणू लागले. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपासून बंगळूरजवळच्या होसकोट्याचं. सासरे गेल्यावर अक्का तिथे एकटी राहायची. एकदा न्हाणीघरात पडली आणि दूधवाल्याने हाक मारीपर्यंत तशीच पडून राहिली. मग नवरा तिला घेऊन आला. पण आमचं घर तिला गार वाटे. हाडं दुखतात म्हणायची. ऊब असेल तर राहते, नाहीतर मला परत सोड, एवढीच तिची अट होती. ती परत एकटी राहणार या विचाराने नवऱ्याचं जेवणात लक्ष लागत नसे.

म्हणून पश्चिमेला तीन बाजूंनी काचा असलेली खोली काढायची ठरली. दुपारभर ऊन येईल आणि अक्का उन्हात बसेल, असा सरळ विचार होता.

अडचण अशी की नवरा इंजिनियर होता, आणि इमारतींमध्ये वीज कमी कशी लागेल याचे नियम लिहिणाऱ्या समितीवर त्याला त्याच सुमारास घेतलं होतं. नियम अजून कच्चे होते, कुणावरच बंधनकारक नव्हते. पण दुसऱ्यांना सांगायचं ते आधी आपल्या घरात करावं, असं त्याचं मत पडलं. नियमांना पश्चिमेकडची काच मुळीच पसंत नव्हती. काच लावायचीच असेल तर ऊन आत येता कामा नये, म्हणजे पंखा-कूलर लागणार नाही.

त्याने आधी छज्जा पुढे काढला. नंतर बाहेरून लाकडी पट्ट्यांची जाळी बसवली. शेवटी गाड्यांच्या काचांना लावतात तशी काळी फिल्म आणून स्वतः चिकटवली. प्रत्येक वेळी तो आत थर्मामीटर टांगायचा आणि समाधानाने मान हलवायचा. अक्का प्रत्येक वेळी अंगावर आणखी एक शाल घ्यायची. डिसेंबरात भर दुपारी तिथे दिवा लावावा लागे. मी एकदा म्हटलं की खोली अक्कासाठी होती ना. तो म्हणाला, थंडी हा बंगळूरचा प्रश्नच नाही, मसुद्यात तिचा उल्लेख नाही.

तेव्हा मी अक्काला विजेची शेगडी आणून दिली. ती पलंगापाशी दिवसभर लाल तापलेली असे. नवऱ्याला ती दिसत असणारच. तो तिला ओलांडून थर्मामीटर बघायला जायचा.

खोली नमुना म्हणून दाखवावी असं समितीच्या साहेबांच्या मनात आलं. एका दुपारी ते घरी आले. छज्जा पाहिला, जाळी पाहिली, काचेवरून बोट फिरवलं. मग खुर्चीत बसून हात चोळू लागले. मी कॉफी आणली. आल्यागेल्याची सोय पाहिल्याशिवाय अक्काला चैन पडत नसे. तिने पायाने शेगडी त्यांच्याकडे सरकवली.

"साहेब, पाय इकडे घ्या. स्वल्प ऊब आहे. खोली माझ्या मुलानं वीज वाचवायला बांधलीय."

साहेबांनी मोजे काढून पाय शेगडीपाशी घेतले. दुसरी कॉफी झाल्यावर ते म्हणाले की खोली नियमात तंतोतंत बसते. हे खरंच होतं, कारण नियमात शेगडीविषयी काही नव्हतं. निघताना त्यांनी अक्काला वाकून नमस्कार केला आणि मोजे पुन्हा घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने लुगडी बोचक्यात बांधली. रागावलेली नव्हती. तुझं काम झालं, आता होसकोटे, असं तिने मुलाला शांतपणे सांगितलं.

तो त्या दिवशी ऑफिसला गेला नाही. पान्हा घेऊन बाहेरची जाळी उतरवली, मग आत येऊन ब्लेडने काचेवरची फिल्म खरवडू लागला. अक्का बोचकं मांडीवर घेऊन बघत बसली. दुपारी पहिली काच मोकळी झाली आणि तिच्या पावलांवर ऊन आलं.

"अक्का," तो पाठ न वळवता म्हणाला, "नियम अजून कच्चेच आहेत."

"सरी, बरं," अक्का म्हणाली. "मग ती वरची काच पण कर. ऊन गुडघ्यापर्यंत येऊ दे."

नमुन्यांतून आमचं घर काढून टाका, असं त्याने साहेबांना फोनवर कळवलं. कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

अक्का राहिली, अगदी शेवटपर्यंत. एप्रिलमध्ये त्या खोलीत पाय ठेववत नसे. पंखा होता, पण वारा तिला सोसत नव्हता. नवरा ऑफिसातून आला की पेपर घेऊन तिच्याशेजारी बसायचा. सदरा पाठीला चिकटलेला असायचा. उकडत नाही का रे, असं ती विचारी, आणि तो पान उलटून म्हणे, "नाही."