आभाळातला दगड

नवा कॅमेरा घेतलेली माणसं आमच्या सीताबर्डीच्या दुकानात येतात आणि हमखास विचारतात, "ताई, डिजिटलले काही सर्व्हिसिंग-गिर्व्हिसिंग लागते का?" बिचारी सरळ मनानं विचारतात. माझं मात्र डोकं फिरतं. हा प्रश्न ऐकला की मला लोखंडी खुर्ची आठवते, आणि त्या खुर्चीखाली धरलेली एका माणसाची बोटं.

एकेकाळी हा प्रश्न आमच्या घरातच रोज असायचा. वडिलांचं दुकान दादा आणि मी चालवतो. दादा मोठा. फोटो काढण्यात तो माझ्यापेक्षा सरस, आणि आळशीपणातही. लग्नात तो वरात आणि नवरदेवाची बाजू सांभाळतो, मी नवरीची. सीझन सुरू व्हायच्या आधी दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवायचे, एकाच हळदीच्या वाटीचा फोटो काढून रंग जुळवायचे, घड्याळं एक करायची, मग दुकानाच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो घेऊन त्यात कुठे ठिपका दिसतो का ते बघायचं, ही माझी रीत. दादाला ती पूजाअर्चा वाटायची.

"काहून वं, रोज काय पुसत राहते त्याले?" तो म्हणायचा. "बाबाच्या जमान्यात रीळ होती, केमिकल होतं, धुणं होतं. आता काय आहे त्याच्यात? डिजिटल आहे नं बाप्पा!"

मी त्याला नाही नाही तेवढ्या वेळा समजावलं. रीळ होती तेव्हा प्रत्येक फोटोला फिल्मचा नवा तुकडा मिळायचा. धूळ बसलीच तर त्या तुकड्यासोबत पुढे निघून जायची. डिजिटलमध्ये आत सेन्सर एकच. लग्न असो की बारसं, सगळं जग तोच बघतो. त्याच्यावर एक कण बसला की तो प्रत्येक फोटोत येणार, त्याच जागी येणार, आणि साफ करेपर्यंत येत राहणार. दादा ऐकून घ्यायचा, शर्टाच्या टोकानं लेन्स बाहेरून पुसायचा आणि "झालं तुझं मेंटेनन्स" म्हणून किक मारून निघायचा. त्याच्या त्या शर्टाची मला इतकी चीड होती की एकदा मी कात्री घेऊन त्याच्यामागे धावले होते.

त्या लोखंडी खुर्चीचं लग्न कोराडीला होतं, तिथल्या कोळशाच्या वीजकेंद्राजवळच्या एका वसाहतीत. कोराडीत राख हवेतच असते. वाळत घातलेल्या कपड्यांवर असते, गाडीच्या सीटवर असते, चहाच्या कपात असते. अशा ठिकाणी दादा भर रस्त्यात उभा राहून लेन्स बदलत होता, उघड्या कॅमेऱ्याचं तोंड आभाळाकडे करून. मी मंडपाच्या दारातून ओरडले, "दादा, तोंड खाली कर त्याचं!" त्यानं हातानंच सांगितलं, जा आपलं काम कर.

उन्हं अजून कडक होती तेव्हाच वरात निघाली. पुढे टेम्पोवर ढोल-ताशे बडवणारी धुमाल पार्टी, मागे घोडीवर नवरदेव, मध्ये नाचणारे. शेजारच्या मोठ्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक एकामागे एक चालले होते. नाचणाऱ्यांत एक माणूस होता, ज्याला कोणी बोलावलं नव्हतं. राख उचलायच्या ठेक्यावर कामाला, चाळिशीचा, एकटा राहणारा. वसाहतीत कोणाचीही वरात असो, हा हजर. धुवून इस्त्री केलेला पांढरा शर्ट, आणि नाच असा की नवरदेवाचे दोस्त आपसूक बाजूला होऊन बघत राहायचे. मंडप आला की तो जेवायलाही न थांबता निघून जायचा. आधीच्या वरातींत मी त्याला पाहिलं होतं. मला तो फार आवडायचा. कोणाचाही कोणी नसताना इतकं खूश होऊन नाचणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

वरातीत फोटोवाल्याची एक आरोळी ठरलेली असते. धुमालचा आवाज टिपेला पोचला तसा दादा टेम्पोच्या फळीवर चढला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि ओरडला, "हात वर! सगळ्यायनं हात वर!" सगळ्यांनी हात वर केले. त्या माणसानंही केला, सगळ्यांपेक्षा उंच.

आणि कुठून तरी एक काळा दगड आला नि नवरदेवाच्या धाकट्या भावाच्या कपाळावर बसला.

मी धावत पोचले तोवर त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसतं रक्त दिसत होतं. बायका किंचाळत होत्या. धुमाल थांबली. त्याला एका गाडीत घालून रामदासपेठेत मोठ्या दवाखान्यात पळवलं, आणि मागे उरलेल्यांचं रक्त खवळायला लागलं. "नवरीकडच्या पोट्ट्यायनं मारला!" असं एक जण ओरडला. नवरीकडचे लोक मंडपाचे बांबू उपसून दारात उभे राहिले. कोणाची कॉलर कोणाच्या हातात होती ते कळत नव्हतं. तेवढ्यात नवरदेवाचा मामा दादासमोर येऊन उभा राहिला. "तू वर होता नं? फोटो दाखव."

दाखवायचीही गरज नव्हती. दादाचा कॅमेरा मोबाइलला जोडलेला असायचा. वरात दारात पोचायच्या आत दोन-चार निवडक फोटो पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकायचे, ही त्याची ऐट. तो फोटो केव्हाच सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला होता. कोणी तरी तो बोटांनी ताणून मोठा केला. आभाळाकडे उठलेले हात, आणि सर्वांत उंच हाताच्या मुठीला लागून एक काळपट गोळा. खाली पांढरा शर्ट.

"हाच नं तो! हाच!"

तो माणूस तोवर तिथेच उभा होता. पळण्याचं काही कारण त्याच्याजवळ नव्हतं. उलट तोच रस्त्यावरचं रक्त धुवायला बादलीत पाणी आणत होता. पहिली लाथ बसली तेव्हा त्याच्या हातात बादली होती.

मार मी आधीही पाहिला होता. लग्नांमध्ये दारू असते, हाणामाऱ्या होतात. पण हे वेगळं होतं. ज्यांनी मघाशी त्याच्या नाचाला टाळ्या दिल्या, तेच त्याला तुडवत होते. नवरीकडच्यांनीही बांबू घेऊन धाव घेतली, कारण आता दोन्ही बाजूंना हाणायला एकच माणूस मिळाला होता, जो कोणाचाच पाहुणा नव्हता. तो "मी नाचून राहिलो होतो, भाऊ, मी नाचून राहिलो होतो" एवढंच म्हणत होता. त्याचे दात पडले तेव्हा तेही म्हणणं बंद झालं. मग मामा ओरडला, "कोणत्या हातानं मारला? तो हात आणा!" दोघांनी त्याला ओढत नेऊन त्याचा उजवा हात उघड्यावर मांडलेल्या स्टेजच्या पायरीवर दाबून धरला. तिसऱ्यानं घडीची लोखंडी खुर्ची उचलली.

त्या खुर्चीचा आवाज मी इथे लिहिणार नाही.

माझ्या शेजारी एक बाई मोबाइल धरून उभी होती. मी तो फोटो तेव्हा पहिल्यांदा बघितला. दगडाला कडा असते. याला कडा नव्हती. गोल, मऊ, कडेला विरत गेलेला ठिपका. दुकानाच्या पांढऱ्या भिंतीवर मी असले ठिपके आयुष्यभर शोधत आले होते. उजेड भरपूर असला की ते आणखी उठून दिसतात, आणि मागे कोरं आभाळ असेल तर विचारूच नका.

दादा टेम्पोला टेकून पांढराफटक पडला होता. मी त्याच्या गळ्यातला कॅमेरा ओढला, पट्ट्यानं त्याची मान कापली तरी ओढला, आणि गर्दीत घुसले. कोपरं लागली, बांबूचं टोक खांद्यात बसलं. मी मामाच्या तोंडासमोर कॅमेरा धरला आणि किंचाळले, "हे पाहा! हा घोडीचा फोटो. घोडीच्या कानावर कोणी दगड धरला? हा तुमच्या बहिणीचा. तिच्या पदराजवळ कोणी धरला? हा विजेच्या तारांचा! त्याच कोपऱ्यात, तोच दगड!"

मामानं स्क्रीनवर अंगठा घासून पाहिला. मग मी कॅमेरा सरळ वर केला, रिकाम्या आभाळाचा फोटो काढला आणि त्याला दाखवला. आभाळात काही नव्हतं. ना पाखरू, ना ढग, ना हात. दगड मात्र होता.

"राख आहे ती! कॅमेऱ्याच्या आत राख आहे!" मी म्हटलं. माझा आवाज फाटला होता.

खुर्ची धरलेल्यानं खुर्ची खाली ठेवली, इतक्या हळू की जणू पंगतीला मांडत होता. मला वाटलं, संपलं. आता कोणी तरी त्या माणसाला उचलेल.

मामानं खिशातून रुमाल काढला. त्यात तो दगड त्यानं पुरावा म्हणून बांधून ठेवला होता. "मंग हा कोणी मारला?" तो म्हणाला. रुमालात कोळशाचा तुकडा होता. तिथे उभ्या प्रत्येकाला रस्त्यावरचे ट्रक दिसत होते. टायरखालून उडालेले असले तुकडे त्यांनी लहानपणापासून पाहिले असतील. मी ते बोललेही. पण एवढ्या लोकांना एवढा राग आलेला, तो ट्रकच्या टायरवर कसा काढायचा?

"बाकीचे फोटो दाखव," मामा म्हणाला. "आणखी कोणाकोणाचे हात वर होते ते पाहू." आणि मागून एक जण खरोखरच म्हणाला, "तो हिरव्या शर्टवाला पाहा बरं, तोही लई उड्या मारून राहिला होता." हिरव्या शर्टवाला माझ्या डाव्या हाताला उभा होता. त्याच्या गळ्यापाशी हात गेलेला मी पाहिला.

मी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, कार्ड काढलं, दाताखाली धरलं आणि मोडलं. प्लास्टिक जिभेत घुसलं. तुकडे मी मामाच्या पायावर थुंकले.

पुढच्या क्षणी माझ्या गालावर दादाची थापड बसली. भर लग्नात, सगळ्यांदेखत. अख्ख्या लग्नाची त्याची मेहनत त्या कार्डात होती. मीही त्याला सोडलं नाही. केस धरले, नखं लावली, जे सुचेल ते बोलले. आम्ही दोघं बहीणभाऊ एकमेकांच्या जिवावर उठलेले पाहून लोक आम्हालाच सोडवायला धावले. बाया मला धरायला लागल्या, हिरव्या शर्टवाला दादाला. आणि त्या गोंधळात तो मार थांबला तो थांबलाच.

त्या नाचणाऱ्या माणसाला न्यायला एकही गाडी पुढे आली नाही. ऑटोत मी आणि दादानंच घातलं. दादाचा गाल माझ्या नखांनी सोललेला, माझ्या तोंडातून रक्त येत होतं, आणि मध्ये तो, आपला हात मांडीवर दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा ठेवून. डॉक्टरांनी नंतर बोटं जमतील तशी बसवली. ती पुन्हा कधी मिटली नाहीत. नवरदेवाचा भाऊ टाके घालून आठवडाभरात हिंडायला लागला.

पुढच्या सीझनला दादानं मला न विचारता दोन्ही कॅमेरे टेबलावर ठेवले. हळदीची वाटी त्यानंच आणली. भिंतीचा फोटो काढला आणि कितीतरी वेळ मान खाली घालून बघत राहिला. मी माझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ लावत बसले. बोलायला लागले असते तर थांबले नसते.

त्या सीझनमध्ये पुन्हा त्याच वसाहतीत वरात होती. दादा टेम्पोवर चढला. मी त्याच्या शेजारी होते. त्यानं आरोळी दिली, "हात वर!" आणि सगळे हात वर गेले. टेम्पोशेजारीच, कुंपणाच्या भिंतीला टेकून तो उभा होता. तोच इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन्ही हात खिशात. धुमालच्या ठेक्यावर त्याची एक टाच हलत होती.

दादाला तो दिसला. तो ओरडला नाही, खाली वाकून हळूच म्हणाला, "तुम्ही बी या नं, भाऊ. हात वर करा नं गा."

त्यानं आधी आजूबाजूला पाहिलं, कोण कोण बघतंय ते. मग खिशातून डावा हात काढला, खांद्यापर्यंत वर केला, तळवा आमच्याकडे फिरवला आणि सगळी बोटं फाकवून दाखवली. त्यात काही नव्हतं.

दादानं कॅमेरा खाली घेतला.