साहेब अँटिने बघायला आले तेव्हा

खर्डीच्या पुढं आमच्या टेकडीवर टीव्हीचा सरकारी मनोरा होता. खाली मशीनची खोली, आन् खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून मी, वॉचमन. शाळा मी बाहेरूनच पायली, पण पाड्यात मला इंजिनिअर म्हणायचे. मला येवढंच कळायचं, हिरवी लाइट म्हणजे बरं आन् लाल म्हणजे शहापूरला फोन.

कौलावर अँटिना लावला का पाड्यात चित्र फुकट दिसायचं. डिशसारखं रिचार्ज नाय.

एकदा शहापूरवरनंच फोन आला. मोठे साहेब घरं फिरून बघणार, आजून अँटिन्यावर कोण टीव्ही बघतो. बघणारे सापडले तर मनोरा राहील, नायतर बंद. म्हणजे माझी नोकरी पण बंद.

मी संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर जाऊन सांगितलं, "उद्या साहेब येतात, कुणाकडं टीव्ही हाय ते बघायला." मनोऱ्याचं सांगायचं राहिलंच. साहेब चहा माझ्याबरोबर घेणार, हेच सांगण्यात माझा टाइम गेला. घरी येऊन बायकोला पण तेवढंच सांगितलं आन् झोपलो.

सकाळी साहेब आले. माणूस चांगला. टेकडीवर बसून मला समजावलं, "एक माणूस बघो नाहीतर सगळा तालुका, लाइटबिल, डिझेल, तुमचा पगार, खर्च तेवढाच. मग एकासाठी कसा करायचा?"

मी म्हटलं, "एक कशाला साहेब, चला दाखवतो."

खाली आलो तर कौलं बोडकी. एक पण अँटिना नाय. तेव्हा माझी ट्यूब पेटली. टीव्हीवाल्याचं पिवळं रेशनकार्ड काढून घेतात, ही आमच्याकडं जुनी भीती. सर्व्हे कसला पण असो, टीव्ही आधी पेंढ्यात जातो.

पयल्याच घरात म्हातारी बोलली, "आमाला कुठला रे टीव्ही?" तिच्या मागं फळीवर टीव्हीचं विणलेलं झाकण तसंच, खाली टीव्ही नाय.

सगळीकडं तेच. शेवटी मी म्हटलं, "साहेब, माझ्या घरी चला. म्हशाच्या जत्रेत बैल विकून आणलेला टीव्ही हाय."

बायको दारातच उभी. "कसला टीव्ही? ह्यांचं काय ऐकता साहेब, हे काय पण सांगतात."

मी तिला डोळा मारला. तिला वाटलं, चालू दे म्हणतोय. "आन् बैल तर आमच्याकडं कधीच नव्हता," ती म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "वॉचमनच्या घरीसुद्धा नाही?"

चहा राहिला. गाडी गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "अवो, वाचलं कार्ड."

त्याच संध्याकाळी अँटिने परत कौलावर चढले. पुढं मनोरा बंद झाला, पडद्यावर नुसत्या मुंग्या. तरी कुणी अँटिना काढला नाय, चालू होईल म्हणून.

मग मशीन न्यायला ट्रक आला, बरोबर साहेब. कौलं बघून ते जागीच थांबले.

"हे काय आहे सगळं?"

सारा पाडा माझ्याकडं बघत होता, बायको सगळ्यात जास्त. पगार तर गेलाच होता. आता आमच्याकडं पण पिवळं कार्डच काय ते उरलं होतं.

"कावळे बसायला लावलेत, साहेब," मी म्हटलं.

साहेबांनी वर बघितलं. नशीब माझं, एकावर बसला होता.