तिकडचे दोन म्हंजी इकडचे साडेतीन

हळदीच्या सांजंला मांडवात मी व्हते, माझी लेक, तिची लेक म्हंजी नवरी, आन माझा पुतण्या, त्यो तालुक्याला मास्तर हाय. माझा ल्योक शारजाला गॅरेजात, त्यो फोनवर व्हता.

चकलांब्याच्या अंगाला आमचं गाव. नात दोन वर्साची असताना जावई उसाच्या फडातच वारला. माझा मालक त्याच्याही आदीच गेल्याला. मंग मी, लेक आन ल्योक, तिघांनी कोयते धरले. ल्योक पोरीला पाठीला बांधून मोळ्या भरायचा, त्यो दमला की मी बांधायची. तवापसून ती मामाच्याच अंगाखांद्यावरची. नवरीमागं मामा उभा राहतो ही आपली रीत. तिनं कवाच सांगितलं व्हतं, माझा मामा आल्याबिगर मी अंतरपाटाजवळ जानार न्हाई.

पुतण्यानं मोबाईलात बघून सांगितलं. रातच्या दोनला विमान सुटतंय, शारजा ते मुंबई तीन तास, म्हंजी पाचला उतरतोय. तिथून गाडीनं आठ तास. उद्या दुपारी एकला दारात, मुहूर्त दीडचा. समदे खूश झाले.

मला खटकलं. रोज मी दिवा लावून फोन करते तर ल्योक म्हनतो, आई, हितं अजून ऊन हाय. मी इचारलं, "त्ये दोन तिकडचे का इकडचे?"

पुतण्या हासला. "काकू, दोन म्हंजी दोन."

"तिकीट नीट वाच बाबा."

तिकिटावर मुंबईत उतरायचं साडेसहा छापलं व्हतं. मास्तरनं त्ये वाचलंच न्हवतं. तिकडचं घड्याळ दीड तास मागं. म्हंजी ल्योक अडीचच्या आत येत न्हाई. दुसऱ्या विमानात जागा न्हवती.

सकाळी मीच व्याह्याकडं गेले, मुहूर्त पुढं ढकला म्हनले. त्यांचं वऱ्हाड लांबचं, त्यास्नी थांबता येईना. ते म्हनले, चुलत मामा हाय की, मास्तरला उभं करा. पुतण्या तयार व्हता. नात म्हनली, "ज्याला घड्याळ कळंना त्यो कशाचा मामा?" आन खोलीतच बसून राह्यली.

दीड वाजत आला. पोरगी उठंना. लेक रडाया लागली. मी आत गेले. म्हनले, "ऊठ. फडात तुला दोघांनी वागवलं. एक रस्त्यात हाय, दुसरी तुझ्यापुढं हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं आन उठली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला मांडवात आनली आन तिच्या मागं उभी राह्यले. बाया कुजबुजल्या, रांडमुंड बाई नवरीमागं कशापायी उभी राहती. मला आयकू आलं. मी हलले न्हाई. मंग व्याह्यांनीच पुढं येऊन माझ्या हातात अक्षता दिल्या.

ल्योक पावनेतीनला आला. पंगत बसली व्हती. नात जेवनावरून उठून त्याच्या गळ्यात पडली. त्यानं इचारलं, "मागं कोन उभं राह्यलं?"

"मी."

"बरं केलंस आई," म्हनला, आन आमच्याच पंगतीत बसला.

आता वाचनाऱ्यांना येवढंच सांगनं. तुमचं मानूस लांबून येनार असंल तर विमान किती तासाचं हाय त्ये इचारू नका. आपल्या घड्याळात किती वाजता दारात येशील त्ये इचारा, आन त्याच्या तोंडून दोनदा वदवून घ्या.