आरसा कोणाच्या हातात होता

ही गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून ऐकली असेल. यवतमाळात, घाटंजीत, लग्नाच्या पंगतीत स्टीलचं ताट आरशासारखं धरून मी ती रंगवतो — मी विमान कसं थांबवलं, त्याची. पण त्यात खरं काय घडलं, ते बायकोलाही सांगितलेलं नाही. आज — सांगतोच.

नागपूरला विमानाची इंजिनं दुरुस्त करायच्या कारखान्यात मी होतो. पुसदचा दिलीप माझा जोडीदार. टर्बाइनच्या एका खेपेतल्या चकत्यांत दोष निघाला. उडताना तडकू शकतात. त्या खेपेची प्रत्येक चकती बदलायचीच, असा हुकूम आला. चकतीवरचा नंबर बारीक, आत कोरलेला. एकानं आरसा घालून तो वाचायचा, दुसऱ्यानं बॅटरी मारायची. सही वाचणाऱ्याची.

आरसा माझ्या हातात होता. आणि मी काय करत होतो? साहेबांची नक्कल! सगळे पोट धरून हसत होते — मग मला इंजिन कुठलं दिसायला? बाजूला पडलेल्या, इंजिनाच्या जुन्या नोंदीच्या कार्डावरचा चकतीचा नंबर मी खणखणीत आवाजात वाचला.

"नीट पाह्यला नं भाऊ? का मी पाहू?" दिलीपनं विचारलं.

"कायले? माह्या डोळ्यावर भरोसा नाही काय तुले? माहे हात ग्रीसनं भरले, सही तूच मार."

त्यानं मारली.

कार्ड चुकीचं होतं. चकती त्याच खेपेतली. ती घेऊन विमान कितीतरी दिवस उडालं — माणसं घेऊन, तान्ही लेकरं घेऊन. पुढच्या तपासणीत दुसऱ्याच कोणी ती पकडली. काठाला केसाएवढी चीर होती. विमान मी थांबवलं नाही. मी कधीच काही थांबवलेलं नाही.

चौकशीत विचारलं, आरसा कोणाकडे होता? भर मांडवात न अडखळणारा मी — हळूच म्हणालो, "दिलीपकडे. मी बॅटरी धरली होती."

"भाऊ?" दिलीप म्हणाला. एवढंच.

कागदावर सही त्याची. नोकरी त्याची गेली. आता पुसदला दुचाक्या दुरुस्त करतो.

मागच्या उन्हाळ्यात, भाचीच्या लग्नात मी रंगात आलो. ताट उचललं, "आरसा माझ्या हातात!" म्हणून गरजलो — आणि मागच्या रांगेत तो दिसला. हातात बुंदीची वाटी.

"अन् बॅटरी म्या धरलती!" तो तिथूनच ओरडला.

हशा पिकला. तो हसला नाही. त्या मांडवात खरं काय ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यानं त्याच्या वाटचं सगळ्यांपुढे बोलून टाकलं होतं. माझं उरलं होतं. नंबर मी पाहिलाच नव्हता. चौकशीत खोटं मी बोललो. दोन वाक्यं — किती जड असतात दोन वाक्यं?

मी ताट आणखी वर धरलं, आणि विमान थांबवलं.