एरंडेलाची पारख

आठवा महिना सरताना माझं पोट दिवसातून चार-पाचदा दगडासारखं कडक व्हायचं आणि पुन्हा सैल पडायचं. या सरावाच्या कळा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गर्भाशय तालीम करतंय म्हणे. मला त्या तालमीची शिसारी आली होती. आंबट ढेकर, चिकट घाम, सुजलेले पाय. त्यात शराफिया वस्तीतल्या आमच्या खोलीखाली मासे तळायचं हॉटेल. जेद्दाच्या दमट हवेत तो वास पडद्यांना, उशांना, माझ्या केसांना चिकटून बसायचा.

दोनदा दवाखान्यात धावलो, दोनदा परत आलो. केरळची नर्स पोटाला पट्टे बांधायची, मशीनमधून निघणारा कागद बघायची आणि म्हणायची, "खलास, घर जाओ." परतताना नवरा गाडीत सारखा घड्याळ बघायचा. तो स्पेअर पार्टच्या दुकानात नोकरीला. दर वेळी कफीलपुढे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकापुढे, तोंड वेंगाडून सुट्टी मागावी लागायची. कळ खोटी निघाली की खोटारडी मी ठरायचे.

नववा लागल्यावर तिसऱ्यांदा तसंच जोरात पोट आवळलं, तेव्हा त्याने गाडीच्या किल्लीऐवजी फोन उचलला आणि रत्नागिरीला व्हिडिओ कॉल लावला.

"अरे, कोऱ्या चहातून एरंडेल दे तिला," सासूबाई म्हणाल्या. "कळा खऱ्या असल्या तर वाढतील, खोट्या असल्या तर पोट साफ होऊन बसतील. आमच्यात सगळ्यांची अशीच पारख केली."

बाटली घरात होतीच. अहळीव, डिंक, खारकांबरोबर त्यांनीच पाठवली होती. नवऱ्याने कपात तेल ओतलं, सांडलेलं बोटाने पुसलं आणि ते बोट माझ्या ओढणीला. चहावर तेलाचे डोळे तरंगत होते. मी नाक दाबून प्यायले. नाही म्हटलं असतं तर पुढच्या वेळी मला कोणी दवाखान्यात नेलं असतं का, हा एकच प्रश्न डोक्यात होता.

पुढचे तीन तास मी मोरीत काढले. वरून ओकत होते, खालून वाहत होते, आणि नऊ महिन्यांचं पोट मांडीवर धरून रडत होते. स्वतःच्याच वासाची इतकी किळस मला कधी आली नव्हती. संध्याकाळी कळा थांबल्या. नवरा दाराबाहेरून खुशीत म्हणाला, "बघ, आई म्हणाली तसंच झालं."

त्यानंतर नवव्या दिवशी भर दुपारी खऱ्या कळा आल्या. ओळखायला कोणाची गरज लागली नाही. मी दुकानात फोन केला.

"गिऱ्हाईक आहे गं. आधी चमचाभर एरंडेल घेऊन बघ ना."

मी फोन ठेवला आणि भिंतीला धरत वरच्या मजल्यावर गेले. तिथली हैदराबादी बाई जेवत होती. माझं तोंड बघून तिने उष्ट्या हाताने गाडीची किल्ली घेतली. "यल्ला, चलो," एवढंच म्हणाली. स्टिअरिंगला वरण लागलं होतं. त्याची मला किळस आली नाही.

दोन तासांत मुलगी झाली. नवरा त्यानंतर पोचला, हातात फोन, फोनमध्ये सासूबाई. "बघा, एरंडेलाचा गुण! सुटली की नाही पटकन?" आणि तो मान डोलावत होता. मी मुलीला छातीशी धरून भिंतीकडे कूस वळवली.

बाराव्या दिवशी मुलगी पाय पोटाशी घेऊन किंचाळत होती. तो आतून तीच बाटली घेऊन आला, करंगळी तेलात बुडवून.

"आई म्हणते, एक बोट चाटव. खरं दुखत असेल तर कळेल. नाहीतर उगाच रडत असेल."

मी त्याच्या हातातून बाटली घेतली, मोरीत उपडी केली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच धरून ठेवली.

"ती रडतेय," मी म्हणाले, "म्हणजे दुखतंय. गाडी काढा."