रीळ म्हणे उजव्यांचं

माझे धाकटे दीर लातूरला एका कचेरीत नोकरीला आहेत. दोनेक वर्षांपूर्वी त्यांना गळानं मासे धरायचं वेड लागलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी रॉड आणि बेटकास्टिंग रीळ मागवलं आणि सुट्टीत नायगावजवळच्या आमच्या शेततळ्यावर घेऊन आले. तळ्यात आम्ही रोहू, कटला सोडलेले होते. मी म्हटलं, "भाऊजी, मलाही शिकवा."

हे रीळ रॉडच्या वर आडवं बसतं. बटण दाबलं की दोऱ्याची चकरी मोकळी होते. गळ फेकताना ती अंगठ्यानं हलकी दाबून धरायची. अंगठा सुटला की चकरी वेड्यासारखी फिरते आणि आत सगळा गुंता.

मी डावखुरी. रॉड आपसूक डाव्या हातात गेला.

"असं न्हाई वहिनी," दीर म्हणाले. "हँडल उजवीकडं हाय, बघा. हे रीळ उजव्यांचं हाय. उजव्या हातानं फेका."

फेकला. गुंता. तो सोडवायला अर्धा तास. परत फेकला, परत गुंता. तिसऱ्यांदा त्यांनी रॉड माझ्या हातातून काढूनच घेतला. "ऱ्हाऊ द्या. तुम्ही उगं तरास करून घेऊन राहिल्या. चहाचं बघा."

माझ्या अंगाची आग झाली. पहिलीत बाईंनी डाव्या हातावर पट्ट्या मारून मला उजव्यानं लिहायला लावलं. आज मी नांदेडला शाळेत शिकवते, फळ्यावर उजव्यानंच लिहिते. पण दगड भिरकावायचा तर डावाच हात उठतो. पंचेचाळिसाव्या वर्षीही कुणीतरी माझा हात बदलायला टपलेलंच!

चहा नाही केला. बांधावर बसून त्यांच्याकडं बघत राहिले. उजव्या हातानं फेकायचे, मग घाईनं रॉड डाव्या हातात घ्यायचे आणि उजव्यानं हँडल फिरवायचे. दर खेपेला हात बदलायचे! मी डाव्यानं फेकला तर माझा उजवा हात हँडलपाशी मोकळाच असणार होता. मग हे रीळ उजव्यांचं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंघोळीला गेले आणि मी रॉड उचलला. पहिल्यांदा गुंता झालाच. मग चकरीचा वेग आवरणारी रिळाच्या बाजूची कळ थोडी आवळली, गळाचं वजन हळू खाली उतरेल इतकीच. डाव्या हातानं गळ फेकला, पाण्याला टेकता टेकता अंगठा दाबला. गळ तळ्याच्या मधोमध पडला. एकही वेढा सुटला नाही.

मागून आवाज आला, "वहिनी, उलटं धरून राहिल्या तुम्ही."

"उलटं? गळ कुठं पडला ते बघा की!"

दुपारपर्यंत मी रॉड सोडला नाही.

दिवाळीला ते खास माझ्यासाठी नवं रीळ घेऊन आले. "दुकानदारानं सांगितलं, हे डावखुऱ्यांचं." हँडल डावीकडं. म्हणजे आता हात मी बदलायचा! समजावून सांगितलं, पटेना. शेवटी चिडून म्हटलं, "भाऊजी, हे तुम्हीच वापरा. मला तुमचं जुनं द्या."

आता ते तेच नवं रीळ वापरतात. उजव्यानं फेकतात, डाव्यानं गुंडाळतात, हात बदलत नाहीत. मासेही जास्त लागतात म्हणे. हे शहाणपण कुणाकडून आलं, त्याबद्दल मात्र आजवर एक अवाक्षर नाही.